खिडकीकडची जागा

मालकांनी गल्लीच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली. एरवी समोर म्हैस आडवी आली तरी खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थापा मारणारा माणूस. त्या संध्याकाळी मात्र वरात घेऊन यावं तसे वाजवत आले.

“आला गं तुझा नवरा,” आत्या म्हणाल्या, “ताट आन भाईर.”

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. ताट मी केव्हाच तयार ठेवलं होतं. हळद-कुंकू, अक्षता, चाकाखाली ठेवायला लिंबं, नारळ. गाडी काही नवी नव्हती. आमची पिकअप आमच्या दारात येण्याआधीच दोघातिघांनी पिळून काढलेली होती. नव्या होत्या त्या फक्त सीटा, आणि त्याही भंगारातून काढलेल्या. पण आत्यांचा नेम असा, की गाडीला साधा आरसा बसवला तरी नारळ फुटायचा, सगळ्यांनी गाडीत बसून गावच्या म्हसोबाला एक फेरी मारायची आणि मगच गाडी कामाला लागायची. मी चेष्टेनं म्हणायची, आमचा म्हसोबा निम्मा मेकॅनिक झालाय.

मालक उडी मारून खाली उतरले. मालक म्हणायचं म्हणून म्हणायचं. गाडीच्या खऱ्या मालकीणबाई, म्हणजे आत्या, ताट घेऊन दारात उभ्या होत्या. मालकांच्या दोन्ही हातांना काळं ग्रीस, कपाळावरही एक फराटा, आणि तोंडावर असं हसू की मला आमचं लग्न आठवलं.

“बस,” मला म्हणाले, “बसून तर बघ.”

मी बसले. काय सांगू! राखाडी रंगाच्या, मऊसूत, डोकं टेकायला वर उशी. बाजूचा खटका ओढला की सीट मागं रेलायची. कुठल्याशा मोडीत निघालेल्या मोटारीतल्या त्या सीटा दस्तगीरभाईंच्या भंगारात पडून होत्या. मालकांनी दिवसभर खपून, पट्ट्या वेल्डिंग करून, नवी भोकं पाडून त्या आमच्या पिकअपमध्ये बसवल्या होत्या. मी पाठ टेकली आणि माझ्या तोंडून आपोआप “अगं आई गं” निघालं. गल्लीतल्या बायका खिडकीतून डोकावायला लागल्या. एकजण म्हणाली, “उज्ज्वला, आता तू हितंच झोपत जा गं.”

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते गल्लीला ठाऊक होतं. मला पुन्हा दिवस गेले होते. पहिल्या खेपेचं तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. बिरोबाच्या यात्रेला आम्ही चिरमुरे विकायला गेलो होतो, आणि तिथून परत येताना वाटेतच पोटात दुखायला लागलं होतं. रस्ता कसला, नुसते खड्डे. त्यानंतर दवाखान्यात डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते मी ऐकलं होतं, मालकांनीही ऐकलं होतं; पण मालकांच्या डोक्यात तो रस्ता बसला तो बसलाच. या खेपेला बाळाची चाहूल लागल्यापासून ते गाडी अशी चालवायचे, की सायकलवाले आम्हाला मागं टाकून जायचे. शेवटी त्यांनी रस्त्याचा नाद सोडला आणि सीटांचा धरला.

आत्यांनी दोन्ही सीटांना कुंकू लावलं. नारळ फोडला, पाणी चाकावर शिंपडलं. मग ताट शेजारणीच्या हातात दिलं, पदर खोचला, आणि नेहमीसारखा उजव्या हातानं दाराचा दांडा धरून पायरीवर पाय ठेवला. मी आपली सवयीनं मध्ये सरकायला गेले.

मध्ये काही नव्हतंच. तिथं हँडब्रेक होता, आणि दोन सीटांच्या मधोमध एवढीशी फट. त्यात बाजाराची पिशवीसुद्धा उभी राहिली नसती.

आत्यांनी एकदा माझ्या सीटकडं बघितलं, एकदा पलीकडच्या. पाय पायरीवरच होता. मी मालकांकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरचं हसू अजून तिथंच होतं, पण खालून कुणीतरी जमीन काढून घेतल्यासारखा माणूस दिसत होता.

“आयला,” ते म्हणाले.

आमच्या जुन्या गाडीत सलग बाकडं होतं, तिघांचं. मालक स्टिअरिंगवर, मी मध्ये गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत, आणि आत्या खिडकीला. ते बाकडं काढलं, दोन सीटा घातल्या. मालकांनी भोकांमधलं अंतर मोजलं, सीटची उंची मोजली, स्टिअरिंग पोटाला लागतंय का ते बघितलं. माणसं तेवढी मोजायची राहिली.

“आरं, जावा की,” आत्या पाय खाली घेत म्हणाल्या. “देवाला फेरी मारून या. मी हितनंच हात जोडते.”

“आई, तू बस. उज्ज्वला उतरंल,” मालक म्हणाले.

“तिला उतरवतोस? कुनासाठी केल्यास मग ह्या सीटा?”

“मग मी… तू मागं…” एवढं बोलून त्यांनी जीभ चावली.

“मागं बशीन की,” आत्या हसल्या. “चिरमुऱ्याच्या पोत्यावर बसायचं म्हंजे गादीच ती. पर आज नगं. भट्टीवर चिरमुरं भाजायची वाळू तापाय ठेवलीया.”

आणि त्या आत गेल्या. आम्ही दोघं म्हसोबाला गेलो आणि आलो. सीट एवढी मऊ, की खड्डा आला ते कळलंसुद्धा नाही, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

आत्यांची ती जागा म्हणजे नुसती बसायची जागा नव्हती. सासरे अकाली गेले तेव्हा आत्यांनी डोक्यावर पाटी घेऊन चिरमुरे विकले. मग हातगाडी, आणि कितीतरी वर्षांनी ही पिकअप. गाडीत बसून त्या बाजाराला निघाल्या, की वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर त्यांचं कुणीतरी असायचं. मालकांना “बजा, थांब जरा” म्हणायच्या, खिडकीतून हात काढून कुणाच्या नातवाच्या ओंजळीत चिरमुरे घालायच्या, कुणाच्या सुनेला उगीचच रागवायच्या, कुणाचं गुडघेदुखीचं औषध विचारून घ्यायच्या. मालक वैतागायचे, “आई, ही एस्टी न्हाई, सारखी थांबवाय.” आत्या म्हणायच्या, “एस्टी कुनासाठी थांबती रं?” पुढच्या बाजारापर्यंत त्यांना पुरेल एवढं माणसांचं धन त्या खिडकीतून मिळायचं.

पुढच्या बाजाराला त्या आल्याच नाहीत. पाय दुखतोय म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वेळी भट्टी बघायला कुणी नको का म्हणाल्या. मग आम्ही विचारायचंच सोडलं आणि त्यांनीही कारणं द्यायची सोडली. पहाटे त्या आम्हाला डबा करून द्यायच्या, पोती मोजून गाडीत चढवून द्यायच्या, आणि गाडी वळेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. मी आरशातून बघायची. खरं सांगते, बघवायचं नाही. पण बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

बाजारात तर जो तो विचारायचा, “म्हातारी कुठाय?” मी माप भरायला बसायची. आत्या माप भरायच्या ते शीग लावून, वरचा ढीग ओघळेपर्यंत, आणि पिशवीत ओतल्यावर वर आणखी मूठभर. माझ्या हाताला ते जमेना. माझा हात आपोआप मापाच्या काठावरून फिरायचा. एक बाई तोंडावर म्हणाली, “हौसाबाईचं माप न्हाई बाई हे.” तिचं काही चुकलं नव्हतं.

आणि त्याहून वाईट म्हणजे परतीच्या वाटेवर मला झोप लागायची. गाढ, तोंड उघडं टाकून. घर आलं की जागी व्हायची आणि समोर दारात आत्या उभ्या. “दमलीस गं,” म्हणायच्या, आणि हातातली पिशवी काढून घ्यायच्या. त्या पिशवीबरोबर माझं काळीज निघून जायचं. एकदा तरी ओरडल्या असत्या, टोमणा मारला असता, शेजारणीपाशी माझ्या नावानं बोटं मोडली असती, तर मला बरं वाटलं असतं. सासू गोड वागली तर सुनेनं तक्रार कुणाकडं करायची?

एका बाजाराहून येताना मी मालकांना म्हणाले, “अवो, बाकडं परत आना.”

त्यांनी एक खड्डा हळूच चुकवला. मग म्हणाले, “मलाबी तेच वाटतंय. पर तुझं?”

“माझं काय? खाली उशी घेईन.”

“खड्डं हाईत, उज्ज्वला.”

“डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतंय न्हवं?”

“आठवतंय. पर मनाला पटत न्हाई त्याला काय करू?” त्यांनी डोळे रस्त्यावरून हलवले नाहीत. “आईपुढं उभं ऱ्हायची हिंमत हुत न्हाई बघ. जेवाय वाढती, मी मान खाली घालून गिळतो. तिच्याच कष्टाची गाडी, आन मी तिलाच खाली उतरवलं. मुद्दाम केलं असतं तर पाय तरी धरलं असतं. इसरलो, हे कुठल्या तोंडानं सांगू?”

दुसऱ्याच दिवशी आम्ही दस्तगीरभाईंकडे गेलो. सांगलीच्या बाहेर मोडक्या गाड्यांच्या रांगांत त्यांचं पत्र्याचं शेड होतं. आमचं बाकडं शेडच्या दारातच मांडलेलं होतं आणि त्यावर तिघं माणसं आरामात चहा पीत बसली होती. तिघं! मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि मी दुसरीकडं बघितलं.

“सीटांत काय खोट निघाली का?” दस्तगीरभाईंनी विचारलं.

“सीटा झ्याक हाईत,” मालक म्हणाले. “आमचं बाकडं पायजे.”

“आता हे गिऱ्हाइकांच्या बुडाला सवयीचं झालंय की, बजरंगराव.”

“आईला बसाय जागा न्हाई गाडीत.”

दस्तगीरभाईंचा कप ओठापर्यंत गेला होता तो तिथंच थांबला. मग त्यांनी बाकड्यावरच्या तिघांना हातानंच उठायची खूण केली. “उठा रं,” म्हणाले. “अम्मीची जागा हाय ती. गाडीत टाका उचलून.” पैशाचं नाव काढू दिलं नाही. उलट म्हणाले, “सीटा बी असू द्यात. पोरीचं बाळंतपण हुंदे, मग बघू.”

घरी आलो तेव्हा आत्या भट्टीपाशी बसून वाळू चाळत होत्या. गाडीच्या मागच्या बाजूला बाकडं बघितलं आणि त्यांचा हात थांबला. मला वाटलं होतं, हसतील. निदान “कशाला उगीच” म्हणतील आणि आतून खूश होतील.

“ते कशाला आनलंय?” त्यांनी विचारलं.

“बसवतोय परत,” मालक घाईघाईनं म्हणाले. “चुकलं आई माझं. उद्यापासनं तू खिडकीला.”

“उतरवू नगं.”

“आगं पर…”

“उतरवू नगं म्हनते न्हवं? न्हे परत. त्या सीटा काढल्यास तर माझ्याशी गाठ हाय.”

लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून आत्यांचा एवढा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी डोळ्यांनीच त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते अंगणात जाऊन गाडीच्या फळीला टेकून उभे राहिले. बाकडं तसंच गाडीत.

मी आत्यांपाशी बसले. चाळण पुन्हा हलायला लागली होती, पण तिच्यात वाळू नव्हती.

“आत्या,” मी म्हणाले, “तुमच्याशिवाय बाजारात करमत न्हाई. तुम्ही चला. माझ्यावर रागावला असाल तर बोला, पर चला.”

“तुझ्यावर? तुझ्यावर का रागावू?”

“तुमची जागा मी घेतली म्हणून.”

त्या हसल्या. पण ते हसू काही चांगलं नव्हतं. “माझी जागा,” म्हणाल्या. “ती जागा मी सोडाय पायजे हुती तवा सोडली न्हाई. आता सोडून काय उपेग, पर सोडली.”

मला काही उमगलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

“बिरोबाच्या यात्रंहून येताना,” त्या खाली बघत म्हणाल्या, “तू मला म्हनलीस, आत्या, जरा खिडकीला बसू का, गरगरतंय. आठवतंय?”

मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. म्हटलंही असेल.

“मी म्हनलं, पुढल्या वस्तीला माझी मावसभैन उभी असंल, तिला हात करते, मग बस. त्या वस्तीला भैन नव्हती. मग मी म्हनलं, फुडच्या फाट्याला. असं करत करत घर आलं. मला आपलं खिडकीत बसून मिरवायचं हुतं. यात्रा झाली हुती, माल सगळा खपला हुता, लोकं हात करत हुती.” त्यांनी चाळण खाली ठेवली. “तू मधी. गिअरचा दांडा सारखा तुझ्या पोटाशी. त्यो बजा दांडा वढायचा आन तू आंग चोरायचीस, ते मी डोळ्यानं बघत हुते. दिसत हुतं गं मला.”

“आत्या…”

“बोलू दे. बजानं सीटा आनल्या, आन मी पायरीवर पाय ठेवून आत बघितलं, तवा मला कुनी लाथ मारून खाली उतरवल्यासारखं वाटलं, आन लई बरं वाटलं. म्हनलं, बरं झालं. देवानंच काढली जागा. त्या खिडकीला बसून मी एक जीव घालवला. आता दुसरा घालवू हुय?”

भट्टीतली लाकडं फुटत होती. बाहेर मालक कुणाला तरी उगीच मोठ्यानं हाक मारत होते.

“आत्या, तसं नव्हतं ते,” मी म्हणाले. “तुमच्यामुळं काही झालं न्हाई. खड्ड्यामुळं न्हाई, गिअरमुळं न्हाई, मधे बसल्यामुळं न्हाई. ते बाळ आधीपासूनच वाढत नव्हतं. घरात गादीवर झोपून राहिले असते तरी जायाचंच होतं. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं तसं. कुणाचाच दोष न्हाई म्हणाल्या.”

आत्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे माझ्यावर खिळले.

“कवा सांगितलं?”

“तेव्हाच. दवाखान्यात.”

“बजाला ठावं हाय?”

“हाय. आम्हा दोघांना आत बोलावून सांगितलं होतं.”

आत्या हाताला लागलेली वाळू एका तळव्यानं दुसऱ्या तळव्यावरून झाडत राहिल्या. झाडून झाली तरी झाडत राहिल्या. मला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते आणि हात पुढं होत नव्हता. त्या दिवसानंतर आम्ही दोघं एकमेकांना धरून रडलो होतो. माहेरून आई आली, तिला मी सगळं सांगितलं. बहिणीला सांगितलं. गल्लीतल्या बायकांनासुद्धा हळूहळू सांगितलं असेल. आत्या मला तूप घालून भात भरवत होत्या, डोक्याला तेल लावत होत्या, रात्री उशाशी बसून राहत होत्या. त्यांना सांगायचं कुणाच्या मनातच आलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आलंच नाही मनात.

आत्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, हळूच. दारापाशी गेल्या.

“बजा,” त्यांनी हाक मारली. “बाकडं बसव गाडीत. उद्या गुरवारचा बाजार हाय.”

“बसवतो, आई!” मालकांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. लगेच पान्हे-पकडी खणखणायला लागल्या.

आत्या परत फिरल्या, आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. राग असता तर मी आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले नसते.

“मी दवाखान्याच्या दारातच बसले हुते की गं,” त्या म्हणाल्या. “एक हाक मारायची.”